कमी पाण्याची नक्षी

शलाकाच्या वडिलांनी झारी उचलली आणि सोफ्यावरच्या उशीला पाणी घातलं. उशीवरची नेच्याची पानं तिनेच रेखाटलेली. 'मन शांत करणाऱ्या' म्हणून त्या उशा दुकानांत हातोहात खपत होत्या. शलाकाच्या घरात मात्र गादीपासून पडद्यापर्यंत सगळं ओलं होतं.

"अहो अण्णा, ते चित्र आहे!"

"म्हणून काय तहानलेलं ठेवायचं?"

शेवटी तिने निवडुंगांची नक्षी काढली आणि नवे अभ्रे छापून आणले. अण्णांनी उशी बराच वेळ न्याहाळली आणि झारी खाली ठेवली. अजून एवढं तरी त्यांना कळतंय, या समाधानात शलाका दमून उशीला टेकायला गेली, तोच त्यांनी तिचा दंड धरला.

"ताई, जपून! काटे आहेत. माझ्या मुलीनं लावलेत. ती येईलच इतक्यात."