जुन्या तारखेचं उत्तर

अनुजाच्या पहिल्या बाळंतपणातल्या पत्राला दिगंबर मास्तरांनी उत्तर पाठवलं नव्हतं. "बाबा, आई असती तर तिलाच विचारलं असतं. दूध पुरत नाही म्हणून सासूबाई बाटली द्यायला सांगतात. काय करू?"

मास्तरांनी सुरतेतल्या ओळखीच्या गुजराती नर्सबाईंना विचारलं होतं. "लाजता काय काका, मुलगी तुमचीच ने? पाजत राहा म्हणावं, पाजेल तसं दूध वाढेल."

तेवढं त्यांनी लिहिलंही. पण बापाने लेकीला असलं कसं कळवायचं, म्हणून पाकीट कपाटातच राहिलं. बाटलीवरचं बाळ पावसाळ्यात जुलाबांनी गेलं.

दोन वर्षांनी अनुजाला मुलगा झाला.



मास्तरांनी तेच पाकीट, आतली १९९५ची तारीख न खोडता, टपालपेटीत टाकलं.