सुमेधाची उंदरीण

काचेच्या पिंजऱ्यातली पांढरी उंदरीण जागची हलत नव्हती. तिचं एक पिलू डॉ. पेडणेकरांनी पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं होतं.

सुमेधा काचेला नाक लावून बघत होती. बाळंतपणानंतर सुमेधाला आसपास कुणी नसताना आवाज ऐकू यायला लागले होते. ते बाळाबद्दल नको नको ते सांगत, म्हणून ती बाळाला हातही लावत नव्हती. मेंदूतले रिसेप्टर, म्हणजे रसायनांचे संदेश झेलणारे रेणू, अडवणाऱ्या गोळीने आवाज थांबले असते. पण गोळी आधी त्या उंदरिणीवर तपासत होते; तिच्या मेंदूत सुमेधाच्याच पेशींपासून वाढवलेल्या, तेच रिसेप्टर असलेल्या चेतापेशी होत्या, आणि पहिल्या औषधानंतर उंदरीण पिलांकडे नुसती बघत बसली होती.

“मीही तशीच बसेन,” सुमेधा नवऱ्याला, विश्रामला, म्हणाली होती. “मग आवाज परवडले.”

आज उंदरिणीला दुसरं औषध दिलं होतं.

उंदरीण उठली. मागचे पाय अडखळले, ती थांबली, पुन्हा निघाली. पिलाला तोंडात अलगद धरून तिने घरट्यात आणलं आणि चाटायला लागली.

सुमेधा खुर्चीत बसली. विश्रामने तिच्या पाठीवर हात ठेवला.

“तुमचेही पाय जड होतील, हात कापतील,” डॉक्टर म्हणाल्या. “काही आठवडे तरी.”

“कापू देत. द्या गोळी.” मग ती विश्रामकडे वळली. “आवाज थांबले की बाळाला मी घेईन. तू फक्त खालून हात धर.”