गिऱ्हाईक उभं असताना

"बस की मनिषा, उभी का?" मोहनराव गादीवरून म्हणाले.

ती बसली नाही. वडिलांचा दहावा कालच झाला होता. तेराव्याला द्यायची उपरणी घ्यायला ती सकाळच्या गाडीनं निमगाव केतकीहून इंदापूरला आली होती. दुसऱ्या दुकानात गेलेलं आईला चाललं नसतं. त्यांचा सारा जन्म याच कापडदुकानाच्या काउंटरमागं गेला होता.

मोहनरावांच्या पाठीशी तक्क्या, कमरेला डॉक्टरी पट्टा. पानाची लाल लाळ ओठाच्या कोपऱ्यात साचलेली.

"माझं बघ. बसून बसून मणके झिजले. डॉक्टर म्हणतो, शेठ, रोज तासभर उभं ऱ्हावा. तुझा बाप नशीबवान गं! ज्ञानदेव कधी बसला न्हाय. शेवटपातूर पाठ कशी सरळ!"

बापाची पाठ लोकांनी पाहिली होती. पाय तिनं पाहिले होते. गुडघ्यापर्यंत दोरखंडासारख्या फुगलेल्या निळ्या शिरा, घोट्यावरची कधीच न भरलेली जखम, पट्टीबरोबर निघून येणारं कातडं आणि तो वास. दर उन्हाळ्यात ते मोहनरावांकडे एक स्टूल मागत. उत्तर ठरलेलं असे: गिऱ्हाईक उभं असताना आपण बसायचं न्हाय, लक्ष्मी असती ती. त्या दिवशी छातीत कळ येऊन ते काउंटरमागं खाली बसले, तेव्हाही मोहनराव ओरडले होते, "ज्ञानदेव, ऊठ, गिऱ्हाईक आलंय!" शेजारी काम करणाऱ्या रावजींनी हे स्मशानात सांगितलं होतं, खाली बघत.

"उपरणी दाखवा," ती म्हणाली.

"रावजी, दाखव रं."

"रावजीकाका नकोत. तुम्ही दाखवा."

"मी?" मोहनराव हसले.

"मी उभी आहे. गिऱ्हाईक उभं असताना बसायचं नाही, हे तुमचंच. आणि आता तर डॉक्टरही म्हणतात."

पलीकडं लग्नाचा बस्ता बांधायला बसलेल्या बायकांच्या माना वळल्या. मोहनरावांनी पान गालात सरकवलं, गुडघ्यांवर हात रेटले आणि कण्हत उठले.

"हे जाड आहे. वरचं काढा."

त्यांनी वरचं काढलं.

"याचे काठ विटलेत. ते खालच्या फळीवरचं बघू."

ते वाकले. पट्टा करकरला. सदरा पाठीला चिकटला, मानेवरून घाम ओघळला. तिनं आणखी एक गठ्ठा सोडायला लावला, मग आणखी एक. बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नव्हतं.

मोहनरावांनी उजवा पाय उचलला आणि डाव्या पोटरीवर घासला. मग डावा, उजव्यावर. घरी मोरीपाशी तोंड धुताना वडील अगदी असंच करत.

तिला शिसारी आली. त्यांची, आणि स्वतःचीही.

"बसा," ती म्हणाली.

मोहनराव धपकन गादीवर कोसळले.

"रावजीकाका, तुम्ही पण बसा."

रावजींच्या पँटीखालून पट्टीचं पिवळं टोक लोंबत होतं. त्यांनी ते दुसऱ्या पायानं आत सारलं, मोहनरावांकडे पाहिलं आणि उभ्यानंच उपरण्यांच्या घड्या घालायला लागले.