गुंडावरचं नाव

धरणात आमचं गाव गेलं आणि नव्या वस्तीत नळ आले, पण ते कोरडेच. तक्रारींचं ॲप मीच बनवलेलं. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी आपल्या मोबाईलवर 'होय' दाबलं की मला त्यांच्या नावानं लिहिता येतं. आज ग्रामपंचायतीत बसले असताना पाणीपुरवठ्याच्या साहेबांचा फोन आला. विमलामावशी पाणी भरायचा पितळी गुंड रिकामाच कमरेवर घेऊन समोरच उभ्या होत्या, म्हणून मी फोन मुद्दाम स्पीकरवर टाकला. "विमलाबाईच्या नावानं लिही, पाणी आलं, तक्रार मिटली." मावशींनी गुंड ठक्कन टेबलावर ठेवला. काठावर ठिपक्याठिपक्यांनी 'विमला' कोरलेलं होतं. "हा गुंड माह्या बापानं लगनात नाव टाकून देल्ला. गुंड रिकामा हाये, अन् माह्या नावानं पानी आलं म्हनून काहून लिवता?" मी त्यांच्याच मोबाईलवर, त्यांच्याच बोटानं, मला दिलेली परवानगी काढून टाकली आणि माइकचं बटण दाखवलं. शेतातून हाक मारावी तशा त्या ओरडल्या, "मी विमला. पानी नाही आलं!" अक्षरं उमटली, वर त्यांचं नाव. त्या बघतच राहिल्या. "ते असू दे," साहेब म्हणाले, "ॲपची चावी तुझ्याकडं आहे, तू आतून बदल." मी मावशींच्या देखत करून पाहिलं. स्क्रीनवर आलं, 'परवानगी नाही.' माझी मान आपोआप ताठ झाली. "होत नाही, साहेब," मी म्हटलं. "ॲप मीच तसं बनवलंय."