मुठीतली साद

निवासच्या घरात म्हशीचं बोलणं मराठीत सांगणारं यंत्र धूळ खात पडलं होतं, कारण म्हैस दिवसभर निवासला नुसत्या शिव्या द्यायची. आज बेडकांवर संशोधन करणाऱ्या मुग्धाने त्यात ओढ्यातल्या भेकांची, म्हणजे तिथल्या बेडकांची भाषा भरली आणि ते घेऊन दोघं घाटमाथ्यावरच्या त्या ओढ्याकाठी आले.

"मॅडम, आधी माझा भोंगा ऐकवा त्याला," निवास छाती फुगवून म्हणाला.

काही वर्षांपूर्वी या ओढ्यातली भेकं संपत चालली होती, तेव्हा शेवटचा दिसलेला नर त्यानेच पकडला होता. आवाज स्वच्छ यावा म्हणून मुठीत घट्ट आवळून माइकपुढे धरला आणि त्याची साद टिपली होती. तेव्हापासून दर पावसाळ्यात तीच साद भोंग्यावर वाजायची, माद्यांनी यावं म्हणून. एकही आली नव्हती.

भोंगा ओरडला. यंत्र शांतपणे म्हणालं, "सोड मला! माणूस आलाय. पळा, पळा!"

"बिघडलं वाटतं हे," निवास हसला. मुग्धा हसली नाही. तिने पुन्हा ऐकवलं. पुन्हा तेच.

इतकी वर्षं निवास भेकांना बोलावत नव्हता, हाकलत होता! त्याने धावत जाऊन भोंग्याची वायर उपटली. आता फक्त पाणी वाजत राहिलं.

बऱ्याच वेळाने एका कपारीत बारीकसं काहीतरी कुरकुरलं. यंत्राने विचारलं, "गेला का माणूस?"

निवासने चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता तो मागे मागे सरकू लागला.