फोमची गादी

१९९८ साली विहिरीवरच्या मोटारीचा करंट लागून आमच्या ह्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. आदिलाबादच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "हात वाचवायचा तर जखमेवर फोम ठेवून वरून प्लास्टिक चिकटवू, आणि नळी लावून यंत्रानं आतलं घाण पाणी ओढून घेऊ. फोम तेवढा तुम्ही आणा, तो वाफेवर शुद्ध करून घेऊ." मावल्यात, आमच्या गावी, घरी फोम म्हणजे दोघांची नवी गादी, तेवढीच. दर तीन दिवसांनी मी तिचा तळहाताएवढा तुकडा कापून न्यायची.

"अवं, माह्या बाजूचा काप," हे खाटेवरून बजावायचे. "मी तं इथंच पडून राह्यलो."

"अन् घरी आल्यावर कुठं झोपसान? माह्या डोक्यावर?"

सहा आठवड्यांनी जखमेत लाल मांस भरून आलं, मांडीची कातडी काढून वर लावली आणि हात वाचला. घरी आल्या आल्या ह्यांनी गादीवरची चादर उचलली. माझ्या बाजूला भला मोठा खड्डा पडला होता. ते तिथंच आडवे झाले. "मले खोलगटच बरं वाटते," म्हणाले, आणि पुढची चौदा वर्षं त्यांनी मला त्या बाजूला झोपू दिलं नाही.


ते गेल्यापासून अख्खी गादी माझी आहे, पण डोळा लागतो तो त्या खड्ड्यातच.