दादा फिटरचा घण

लावालावीत कारखान्याच्या मालकसाहेबांचा हात धरणारा कुणी नव्हता. दर वर्धापनदिनी ते वैरी कंपनीचं वॉशिंग मशीन आवारात आणवायचे आणि आपल्या कारखान्यातल्या दादा फिटरच्या हाती घण द्यायचे. तोही शहाणा, टाळ्या ऐकून चेव चढल्यासारखा फोडायचा. वैरी कंपनीत मशीन जोडणारा त्याचा सख्खा धाकटा भाऊ एकदाच म्हणाला, "दादा, माझ्या हातचं होतं रे ते." तिथून दोघांचं बोलणं तुटलं. आईला स्मशानात पोचवतानाही दोघे दोन टोकांना.

दादाच्या निवृत्तीच्या निरोपाला मंचावर त्याच्या शेजारची खुर्ची धाकट्याला मिळाली. "दोन्ही कंपन्या पहिल्यापासून आपल्याच," साहेब हसत म्हणाले. "भांडण दिसलं की माल खपतो."



दादाने भेटीचं घड्याळ टेबलावर परत ठेवलं. "मशीन तुमचंच होतं, तर फोडायला माझेच हात कशाला लागले, साहेब? बोला."